फुगा किती मोठा, एवढंच पुरत नाही

चक्कर येते म्हणून मेंदूचा एमआरआय करावा आणि अहवालात भलतंच काही निघावं, असं आता वरचेवर घडतं. रक्तवाहिनीला 5 मिलिमीटरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम. मग घरात तोच आकडा घोळत राहतो. पाच म्हणजे लहान की मोठा? फुटेल का? शंभर प्रौढांमागे साधारण तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि बहुतेकांचा तो कधीच फुटत नाही. फुटला तर मात्र मेंदूभोवती रक्तस्राव होतो आणि तिघांतला एक जण तरी दगावतो. उपचारही बिनधोक नाहीत. कवटी उघडून क्लिप लावा किंवा जांघेतून नळी घालून कॉइल भरा, पक्षाघाताची थोडी तरी शक्यता उरतेच. म्हणूनच कुठला फुगा फुटण्याजोगा आहे, हे ओळखण्यावर सगळं अवलंबून आहे. माझं ठाम मत असं, की ते निव्वळ मिलिमीटरवरून ठरवणं आपण आता थांबवलं पाहिजे.

लहान फुगा म्हणजे निर्धोक, हा समज 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर पक्का झाला. मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवरचे 7 मिलिमीटरपेक्षा लहान फुगे, आधी रक्तस्राव झालेला नसेल तर, पाच वर्षांत फुटलेच नाहीत, असं त्यात दिसलं. पण फुगा फुटून रुग्णालयात येणाऱ्यांची चित्रं पाहा. त्यात सातच्या आतले फुगे सर्रास असतात. एक तर लहान फुगेच मुळात संख्येने जास्त. पण सगळे लहान फुगे सारखे नसतात, हेही तितकंच खरं.

दोन फुगे घ्या, दोन्हींची उंची 5 मिलिमीटर. पहिल्याची मान, म्हणजे वाहिनीला चिकटलेलं तोंड, 4 मिलिमीटर रुंद. दुसऱ्याची अडीच. उंचीला मानेने भागलं की पहिल्याचं गुणोत्तर 1.25 येतं, दुसऱ्याचं 2. फुटलेल्या फुग्यांत हे गुणोत्तर जास्त आढळतं. आता पहिला फुगा 4 मिलिमीटरच्या कॅरोटिड वाहिनीवर आहे आणि दुसरा जेमतेम 2 मिलिमीटरच्या वाहिनीवर. म्हणजे दुसरा आपल्या वाहिनीच्या अडीचपट झाला. त्यात त्याच्या अंगावर आणखी एक छोटा उंचवटा असेल, तर काळजी वाढते. अहवालात मात्र दोन्हींपुढे लिहिलेलं असतं: 5 मिमी.

फुटल्यामुळेच फुग्याची घडण बदलत असेल, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो रास्त आहे. म्हणून जपानमधला 2012 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला मोलाचा वाटतो. त्यात न फुटलेले 6,697 फुगे आधी नोंदवले आणि मग त्यांच्यावर लक्ष ठेवलं. वर्षाला शंभरातला जवळपास एक फुटला. ज्यांच्यावर आधीपासूनच उंचवटा होता, त्यांचा धोका इतरांच्या सुमारे 1.6 पट निघाला.

घडणीमुळे एवढा फरक का पडतो? कारण घडणीप्रमाणे आतला प्रवाह बदलतो. वाहत्या रक्ताचं भिंतीवर होणारं घर्षण साधारण दीड-दोन पास्कल असतं, तर 120 चा रक्तदाब म्हणजे 16 हजार पास्कल. इतक्या क्षीण घर्षणाने भिंत फाटत नाही. पण भिंतीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी ते ओळखतात आणि त्यानुसार वागतात. अरुंद मानेच्या, खोल फुग्यात रक्त नदीच्या डोहातल्या पाण्यासारखं मंद फिरत राहतं. घर्षण कमी होतं, त्याची दिशा सतत बदलते, भिंतीत दाह सुरू होतो आणि ती झिजत जाते. याउलट प्रवाहाची जोरदार धार एकाच ठिकाणी आदळत राहिली, तर तिथली भिंत पातळ होऊ शकते. दोन्ही वाटा घातक असू शकतात, अशी मांडणी अमेरिकेतल्या बफलोच्या हुई मेंग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये केली.

म्हणून संगणकावर प्रवाहाचं गणित मांडून लगेच शस्त्रक्रिया ठरवावी का? अजून नाही. या गणितात रुग्णाचा प्रत्यक्ष प्रवाह बहुधा मोजलेला नसतो, गृहीत धरलेला असतो. भिंतही ताठर मानलेली असते. 2015 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याच पाच फुग्यांच्या प्रतिमांवरून वेगवेगळ्या गटांनी काढलेल्या घर्षणाच्या आकड्यांत मोठी तफावत आली. ही विद्या वाढली पाहिजे, पण तिच्या रंगीत चित्रांवर आज कुणाचं डोकं उघडू नये. घडणीची मोजमापं मात्र नेहमीच्या सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत बहुतेकदा मिळतात. ती न लिहिण्याला सबब नाही.

तेव्हा रेडिऑलॉजिस्ट मंडळींना विनंती: मान, उंची, मूळ वाहिनीची जाडी आणि उंचवटा आहे की नाही, हे प्रत्येक अहवालात लिहा. वाचकांनो, घरात कुणाला फुगा सापडला, तर घाबरून जाऊ नका आणि नुसता आकडा घेऊन घरीही परतू नका. फुगा कुठे आहे, कसा आहे, मागच्या तपासणीपेक्षा बदललाय का, हे विचारा. रक्तदाब ताब्यात ठेवा, विडी-सिगारेट आजच सोडा. आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकाएकी उठली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.