शिकवणारी वस्तीतलीच हवी

गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. तालुका पेण, म्हणजे गणपतीचे कारखाने, मुंबई-गोवा महामार्ग आणि कामधंद्यासाठी मुंबईची वाट धरणारी पोरे. अशा भागात एचआयव्हीबद्दल कोणी बोलायचे? ‘डॉक्टरांनी,’ असेच कुणीही म्हणेल. सांगलीचा अनुभव वेगळा आहे.

तिथल्या गोकुळनगर वस्तीत मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ मध्ये वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत काम सुरू केले. निरोध वाटायला आणि माहिती द्यायला वस्तीतल्याच बायका उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक प्यायलेले आहे, निरोध नको म्हणून जादा पैसे देतेय. अशा वेळी त्याला कसे वळवायचे, हे पोस्टरवरून शिकता येत नाही. ज्या बाईने काल रात्री ते निभावले, तीच शेजारणीला सांगू शकते. १९९६ मध्ये याच बायकांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही संघटना उभी राहिली. मग पोलिसांची मारहाण आणि दवाखान्यातली हिडीसफिडीस यांवरही त्या बोलू लागल्या.

लोक मात्र अशा कार्यकर्तीकडे संशयानेच बघतात. ‘एवढी माहिती हिला कशी? हिलाच असेल!’ सरकारी योजनाही तिच्या हातावर पगार नव्हे, मानधन टेकवते.

गावात याहून मोठी हरकत असते: असल्या गोष्टी सांगितल्या की मुले बिघडतात. याच भीतीपोटी महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतले लैंगिक शिक्षण रोखले. त्याने मुलांचे बोलणे थोडेच थांबते? पारावर, क्रिकेटच्या मैदानात, मोबाइलवर ती एकमेकांना शिकवतातच. फक्त तिथल्या मास्तरालाही धड माहिती नसते. डास चावल्याने किंवा एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही, सरकारी केंद्रात तपासणी फुकट होते, २००४ पासून औषधेही मोफत मिळतात आणि २०१७ च्या कायद्याने रुग्णाचे नाव गुप्त राखावे लागते, एवढे त्याला पक्के ठाऊक हवे.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात २०१४ पासून गावातल्याच मुलामुलींना असे शिक्षक नेमण्याची सोय आहे. गागोद्यासारख्या गावांनी या शिक्षकांची नावे ग्रामसभेत ठरवावीत, आईबापांना आधी विश्वासात घ्यावे आणि प्रशिक्षणासाठी आरोग्य खात्याकडे तगादा लावावा. त्यांना मानधन मिळते का, हेही त्याच सभेत विचारावे.