पुस्तक मिटा, मग सारांश लिहा

आमच्या ऑनलाइन वर्गात मी एकदा 'श्यामची आई'मधली 'अळणी भाजी' ही गोष्ट वाचायला दिली होती. अळणी म्हणजे मीठ नसलेली. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. गोष्ट छोटीच आहे. मी म्हटलं, हिचा सारांश लिहून आणा, म्हणजे मोठा मजकूर थोडक्यात लिहून आणा. जे सारांश आले, त्यातले बरेचसे एकाच छापाचे होते. पहिलं वाक्य गोष्टीतलं, मग मधलं एखादं, मग शेवटचं. सगळी वाक्यं जशीच्या तशी उचललेली. एकाने तर दोनच शब्द लिहिले होते : 'मीठ विसरली.'

मला तो दोन शब्दांचा सारांश जास्त आवडला. अपुरा होता, पण त्याचा स्वतःचा होता.

मी महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलो. आमच्या मराठीच्या पेपरात प्रश्न असायचा : खालील उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहा व योग्य शीर्षक द्या. एक तृतीयांश म्हणजे तीन भागांतला एक भाग. उतारा नव्वद शब्दांचा असेल, तर सारांश तीस शब्दांचा. आम्ही काय करायचो? पेन्सिलीने शब्द मोजायचो, सोपी वाक्यं ठेवायचो, अवघड वाक्यं गाळायचो. आता गंमत बघा, उताऱ्याचा गाभा बहुतेक वेळा अवघड वाक्यातच असतो. म्हणजे आम्ही आंबा फेकून साल ठेवायचो! मार्क मिळायचे, पण उतारा कळला होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

म्हणून माझं मत असं की सारांश पुस्तक मिटून लिहावा. उतारा दोनदा वाचा. पुस्तक बंद करा. मग शेजारी आई किंवा बाबा बसलेत असं समजून ती गोष्ट तोंडाने सांगा. एखादा मराठी शब्द आठवला नाही तर इंग्रजी वापरा, काही बिघडत नाही. जे तोंडातून निघालं, ते लिहा. शेवटी पुस्तक उघडून नावं, आकडे आणि घटनांचा क्रम तपासा. पुस्तक समोर उघडं असलं की हात आपोआप कॉपी करतो. मिटलेल्या पुस्तकातून कॉपी कशी करणार?

आता 'अळणी भाजी'च घेऊ. माझा सारांश असा :

आईच्या हातून भाजीत मीठ घालायचं राहिलं. तिला वाईट वाटू नये म्हणून वडिलांनी आणि मुलांनी काही न बोलता ती खाल्ली. आई शेवटी जेवायला बसली तेव्हा तिला चूक कळली. सगळ्यांना अळणी भाजी वाढली म्हणून ती हळहळली. श्यामला दोघांचंही मोठेपण दिसतं.

वर्गातल्या बऱ्याच जणांनी 'वडील चांगले होते' इथे थांबायचं ठरवलं. मग आईचं काय? गोष्टीत दोन बाजू आहेत. जिभेला आवर घालणारे वडील आहेत आणि आपलं काम नीट झालं नाही म्हणून वाईट वाटून घेणारी आई आहे. एक बाजू गाळली की सारांश लहान होतो खरा, पण गोष्ट बदलते. तसंच, 'आईने नीट चव बघायला हवी होती' हे एका मुलीने लिहिलं. तिचं मत मला पटतं! पण ते तिचं मत आहे, साने गुरुजींचं नाही. ते सारांशाच्या खाली, वेगळ्या ओळीत लिहायचं.

कमी शब्दांत सांगायला मराठी भाषा फार मदत करते, हे मला इथे येऊन शिकवायला लागल्यावर जाणवलं. हे बघा : 'तो घरी आला. त्याने हात धुतले. तो जेवायला बसला.' तीन वाक्यं. त्याऐवजी : 'घरी येऊन, हात धुऊन तो जेवायला बसला.' एकच वाक्य. हे 'येऊन, धुऊन, करून' तुम्ही बोलताना वापरताच, लिहिताना मात्र विसरता. 'कांदे, बटाटे, वांगी आणि भेंडी आणली' याचं 'भाजी आणली' होतं. पण सावध राहा. गोष्ट वांग्याचीच असेल तर वांगं ठेवावं लागेल!

एक शब्द गेल्याने केवढा फरक पडतो, हे न्यूझीलंडच्या मुलांना मी सांगायला नको. 6 फेब्रुवारी 1840 ला वाइटांगीचा करार झाला. पाचशेहून जास्त माओरी प्रमुखांनी त्यावर सह्या केल्या आणि त्यातल्या बहुतेकांनी माओरी मजकुरावर केल्या. तुम्हाला शाळेत या कराराचा सारांश तीन शब्दांत मिळाला असेल : पार्टनरशिप, प्रोटेक्शन, पार्टिसिपेशन. हे तीन शब्द करारात नाहीत. ते 1988 साली सामाजिक धोरणावरच्या रॉयल कमिशनने मांडले. लक्षात ठेवायला सोपे आहेत, पण खरा वाद ज्या शब्दांवर आहे ते त्यात आलेच नाहीत. इंग्रजी मजकुरात 'सॉव्हरिन्टी' आहे, म्हणजे सर्वोच्च सत्ता. माओरी मजकुरात तिथे 'कावानातांगा' आहे, म्हणजे कारभार चालवण्याचा अधिकार. आणि माओरींकडे 'तिनो रांगातिरातांगा' राहील असंही त्यात लिहिलं आहे, म्हणजे आपल्या जमिनी, गावं आणि मौल्यवान गोष्टी यांवरचा पूर्ण अधिकार. करार एका पानात मावेल एवढाच आहे. तो मुळातून वाचा, आणि मग त्या तीन शब्दांत काय राहिलं ते स्वतः ठरवा.

तुम्ही म्हणाल, दादा, एवढं कशाला? उतारा एआयला दिला की पाच सेकंदांत सारांश मिळतो. मी आयटीतच काम करतो, त्यामुळे मी नाही म्हणणार नाही. ऑफिसात साठ पानांचा अहवाल आला तर मीही तेच करतो. पण तो सारांश बरोबर आहे की नाही हे मला ओळखता येतं, कारण असे अहवाल मी आधी स्वतः वाचलेत. तुम्हाला मराठी उताऱ्याबाबत ते अजून ओळखता येत नाही. आणि खरं सांगू का, शिक्षकांना तुमचा सारांश नको असतो. ती गोष्ट त्यांनी आधीच वाचलेली असते. तुम्हाला ती किती कळली, हे त्यांना बघायचं असतं.

शिवाय तुमच्या घरात एक सारांश असा आहे की तो तुमच्यासाठी कोणी करून देणार नाही. उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे दुपारचा एक वाजलेला असतो. आजीचं जेवण झालेलं असतं, ती निवांत असते आणि व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलते. फोन ठेवल्यावर बाबा विचारतात, "आजी काय म्हणाली?" आणि तुम्ही म्हणता, "काही नाही, बरी आहे."

अर्ध्या तासाचे हे चार शब्द! गुडघा दुखतोय, पण डॉक्टरकडे जायला ती टाळाटाळ करतेय, हे त्यात कुठेच नाही. पण ते तिने सांगितलं होतं, शेजारच्या लग्नाच्या आणि लोणच्याच्या मध्ये, अगदी सहज.

या रविवारचा गृहपाठ तोच आहे. आजी, आजोबा, मावशी, काका, कोणाशीही दहा मिनिटं बोला. फोन ठेवा. मग ते काय म्हणाले ते पाच वाक्यांत लिहा आणि घरी वाचून दाखवा. शब्द मोजू नका.