गाडी 50 लाखांची, किंमत दीड कोटी: दोष कोणाचा?



"सर, तीच गाडी दुबईत एवढी स्वस्त. मग आपल्याकडे कंपनी लुटते का?" बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो. मी म्हणतो, आधी कॅल्क्युलेटर काढा, मग शिव्या द्या.

समजा, जहाजभाडं आणि विमा धरून गाडी बंदरात 50 लाखांना पडली. दुबईत त्यावर 5 टक्के कस्टम ड्युटी, वर 5 टक्के व्हॅट. झाले साधारण 55 लाख.

आता तीच गाडी मुंबईत उतरवा. 40 हजार डॉलरच्या वरच्या, तयार येणाऱ्या गाडीवर 2025 च्या बजेटमध्ये 70 टक्के ड्युटी आणि 40 टक्के कृषी उपकर ठरला. म्हणजे 110 टक्के. 50 लाखांचे झाले 1 कोटी 5 लाख. त्यानंतर 40 टक्के जीएसटी, आणि तो 50 लाखांवर नाही, 1 कोटी 5 लाखांवर! आणखी 42 लाख. एकूण 1 कोटी 47 लाख. डीलरचा नफा आणि रोड टॅक्स अजून बाकीच आहे.

सिंगापूरमध्ये तर गाडीवरची एक्साइज ड्युटी फक्त 20 टक्के. पण नोंदणीची जादा फी महागड्या गाडीला वरच्या टप्प्यात 320 टक्क्यांपर्यंत जाते, शिवाय दहा वर्षांचा परवाना बोली लावून घ्यायचा. म्हणून नुसतं "ड्युटी किती?" विचारून भागत नाही.

माझं मत सांगतो. टॅक्सच्या नावाने रडणं ग्राहकाला परवडतं, धंदेवाल्याला नाही. धंदेवाला मालाची वाट बदलतो. सुट्या भागांवर ड्युटी कमी, म्हणून मर्सिडीज चाकणला गाड्या जोडते. 2024 मध्ये रेंज रोव्हरची जोडणी पुण्यात सुरू झाली आणि किंमत लाखोंनी उतरली.

मी स्वतः पहिल्यांदा बाहेरून माल मागवला, तेव्हा फक्त बिलाच्या रकमेवर टक्के लावले. भाडं, विमा, टॅक्सवरचा टॅक्स धरलाच नाही. माल दुकानात आला, नफा वहीतच राहिला.

तुम्ही ही चूक करू नका. ऑर्डर देण्याआधी मालाचा एचएस कोड काढा. दुकानाच्या दारापर्यंतचा खर्च कस्टम एजंटकडून लिहून घ्या. जीएसटी नंबर असेल तर सहसा आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, ड्युटीचं मिळत नाही, हेही धरा. विक्रीची किंमत त्यानंतरच ठरवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!