बुडाले ते कोणाचे?

बाळकुमला परवा खाजगीकरणाची चर्चा चालली असता एका तरुण साथीने आयर्लंडचा दाखला दिला. 'नभोवाणीने नाटक काढले आणि कोट्यवधी घालवले. सार्वजनिक संस्थांचे असेच व्हायचे,' असे त्याचे म्हणणे. कोलशेत रस्त्यावरचे कारखाने जाऊन तेथे टॉवर उभे राहताना पाहिलेल्या या पिढीला 'सार्वजनिक' म्हणजे 'तोट्यातले' एवढेच शिकविले गेले आहे. तेव्हा त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. परंतु दाखला पुरता तपासला पाहिजे.

आर. टी. ई. ही आयर्लंडची सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी. वर्षाला १६० युरोंचा परवाना आणि जोडीला जाहिराती, यांवर ती चालते. नाताळापूर्वी होणारा तिचा खेळण्यांचा कार्यक्रम अवघा देश घरी बसून पाहतो. त्या लोकप्रियतेवर चार पैसे मिळवावेत म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये डब्लिनच्या भव्य सभागृहात संगीत नाटक उभे करण्यात आले. ज्यांनी परवान्याचे पैसे आधीच भरले होते, त्यांनाच पुन्हा तिकीट विकावयाचे! प्रेक्षक अपेक्षेइतके फिरकले नाहीत, आजारपणामुळे काही प्रयोग रद्द झाले, आणि सुमारे २२ लाख युरो, म्हणजे वीस कोटी रुपयांच्या आसपास, बुडाले. संचालक मंडळाने या उपक्रमास रीतसर मंजुरी दिल्याची नोंदच नाही, हे जानेवारी २०२४ च्या चौकशी अहवालाने उघड केले.

नाटक पडणे हा गुन्हा नव्हे. गंधर्व नाटक मंडळीही कर्जात रुतली होती. पण ते कर्ज बालगंधर्वांनी स्वतःच्या शिरावर घेतले. येथे नफ्याची स्वप्ने वरिष्ठांची आणि तोटा परवानाधारकांचा! नोव्हेंबर २०२३ मध्ये आर. टी. ई. ने २०२८ पर्यंत ४०० जागा कमी करण्याचा आराखडा मांडला. त्याला एकटे नाटक कारण नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एका निवेदकाच्या मानधनाचे खरे आकडे दडविल्याचे त्याच वर्षी जूनमध्ये बाहेर आले आणि संतापलेल्या अनेकांनी परवाना भरणेच सोडले. पण कुऱ्हाड पडावयाची ती कामगारांवरच.

आता आपल्या घरचे पाहू. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीने 'गीतरामायण' प्रसारित केले. केंद्रावरील सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांची ५६ गीते, सुधीर फडके यांचे संगीत. विषयाची निवड आपल्यातील काहींना रुचणार नाही. मलाही सर्वस्वी रुचत नाही. परंतु त्यासाठी कोणाला तिकीट काढावे लागले नाही. गल्ल्याचा विचार न करता केलेली ती निर्मिती पुढे फडक्यांनी रंगमंचावर नेली आणि दशकानुदशके सभागृहे भरली.

त्याच केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश जून २०२३ मध्ये निघाला. ओरड झाल्यावर तो स्थगित झाला. तेथे कोणते नाटक पडले होते?

मात्र आपलाही एक दोष कबूल केला पाहिजे. संस्था सार्वजनिक असली की तिचा हिशेब मागणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे, अशी आपली समजूत आहे. डब्लिनमध्ये मंजुरीचा कागद आधीच कोणी मागितला असता तर बाळकुमच्या साथीला हा दाखला मिळालाच नसता. आकाशवाणीचा, परिवहनाचा, पालिकेच्या नाट्यगृहांचा हिशेब त्यांचे वैरी मागण्यापूर्वी आपण मागावा. पुढच्या बैठकीत या साथीनेच त्याचा अर्ज लिहावा.