वारा कमावणारें जहाज

झरीच्या खळ्यावर ज्वारीची उपणणी पाहिलेल्या वाचकांस वाऱ्याची किंमत सांगावयास नको. माणूस तिवईवर टोपलें धरून उभा राहतो आणि वारा पडला कीं मुकाट्यानें खालीं उतरून बसतो. मागील सुटींत अशाच एका खळ्याकांठीं आमच्या पुतण्यानें विचारलें, "काका, भर समुद्रांत जहाजावरून विमान उडतें म्हणतात, मग त्याला धांवायला एवढें लांब मैदान कोठलें?" परभणी जिल्ह्यांत वाढलेल्या मुलाचा हा प्रश्न रास्तच होता.

विमानाला पेलून धरतो तो त्याच्या पंखांवरून वाहणारा वारा. जमिनीवर तें किती धांवलें याला स्वतंत्र महत्त्व नाहीं. म्हणून उड्डाणाची वेळ झाली कीं विमानवाहू जहाज आपलें तोंड वाऱ्याकडे वळवितें आणि वेग वाढवितें. निसर्गाचा वारा अधिक जहाजाचा वेग, एवढी मिळकत विमानाला जागच्या जागीं लाभते. उरलेली तूट भरून काढते ती वाफेच्या जोरावर चालणारी एक प्रचंड गोफण. उतरतांना विमानाच्या शेपटाखालील आंकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकीं एकांत अडकला पाहिजे; चुकला तर पुन्हा आकाशांत जाऊन नव्यानें यावयाचें. शेजारीं एक हेलिकॉप्टर सारखें तरंगत असतें, पाण्यांत पडेल त्याला उचलावयास.

दुसऱ्या महायुद्धांत व्यापारी जहाजांच्या सांगाड्यांवर लहान, संथ विमानवाहू जहाजें बांधण्यांत आलीं. मालवाहू तांड्यांची राखण हें त्यांचें काम. मे १९४५ मध्यें रंगूनवरील स्वारीच्या वेळीं तीं बंगालच्या उपसागरांतही आलीं होतीं. वेग बेताचा, म्हणून गोफणीवर भिस्त फार. सव्वीस वर्षांनीं त्याच उपसागरांत आपल्या 'विक्रांत'वर हीच पाळी आली.

'विक्रांत' हें त्याच महायुद्धांत ब्रिटनमध्यें बांधावयास घेतलेलें आणि १९६१ सालीं आपल्या नौदलांत दाखल झालेलें जहाज. ताशीं २५ सागरी मैलांचा त्याचा वेग. परंतु १९७१ चें युद्ध तोंडावर आलें असतां त्याच्या बॉयलरांच्या पाण्याच्या पिंपांना तडे गेलेले होते. झाळून बुजण्यासारखे ते नव्हते. नवीं पिंपें विलायतेहून यावयाचीं होतीं. तडकलेल्या हंड्याखालीं आपल्या घरांत कोणी जाळ करीत नाहीं. येथें चारांपैकीं तीन बॉयलर पेटविले, वाफेचा दाब उतरविला आणि वेग १४ मैलांवर बांधून घेतला. जून १९७१ मध्यें खोल समुद्रांत चांचणी झाली, तेव्हां बॉयलरांभोंवतीं पोलादी पट्टे आवळलेले होते आणि वाफ गळूं लागल्यास दिसावी म्हणून पाहणीच्या खिडक्या ठेवल्या होत्या.

हा धोका पत्करावा कां? नौदलाचे अधिकारी गुलाब हिरानंदानी यांचें म्हणणें असें होतें कीं, १९६५ च्या युद्धांत जहाज मुंबई बंदरांतच बसून राहिलें. याही वेळीं तसेंच झालें तर तें पांढरा हत्ती ठरेल. नौदलप्रमुख नंदा यांनीं जहाज पाठविलें. आमच्या मतें निर्णय धाडसाचा खरा, पण त्या धाडसाची खरी झळ खालच्या मजल्यावरील लोकांनीं सोसली. अशा जहाजावर हजाराहून अधिक माणसांचें एकत्र कुटुंब नांदत असतें. त्यांचें पिण्याचें पाणी समुद्राच्या पाण्यापासून वाफेच्याच उष्णतेनें गाळून मिळावयाचें, जहाज चालावयाचें तें वाफेवर, आणि गोफणीलाही वाफच हवी. तेव्हां वाफेचा दाब उतरला म्हणजे ओढाताण कोठें कोठें होते, हें गृहिणींस अधिक सांगावयास नको.

४ डिसेंबर १९७१ रोजीं आठ 'सी-हॉक' विमानें कॉक्स बझारवर गेलीं. त्याच दिवशीं चितगांव बंदरावरही हल्ला झाला. पुढें खुलना, मोंगला. १० डिसेंबरपर्यंत हें चाललें आणि एकही 'सी-हॉक' गमावलें नाहीं. कप्तान स्वराज प्रकाश यांस महावीरचक्र मिळालें.

तें जहाज १९९७ सालीं निवृत्त झालें, पुढें मुंबईंत कांहीं वर्षें संग्रहालय म्हणून उभें होतें, आणि २०१४ नंतर मोडींत निघालें.

हें सारें ऐकून पुतण्या म्हणाला, "म्हणजे बॉयलरपाशीं होते त्यांना विमान उडतांना दिसलेंच नसेल!" नाहींच दिसलें. गोफण सुटली कीं तिचा दणका जहाजभर जाणवतो; एक गेलें, दुसरें गेलें, एवढीच त्यांना खबर.