गच्चीला रंग नको, उतार द्या!

पावसाळा तोंडावर आला की घरोघरी गच्चीवर रंगाचे डबे चढतात. मंडळी, गळतीचे दुखणे रंगाने जात नाही! सपाट म्हणवणाऱ्या गच्चीलाही १०० फुटांस १ फूट उतार हवा. म्हणजे २० फुटांत जवळजवळ अडीच इंच. तो नसेल तर पाणी साचणारच. १०० चौरस फुटांवर १ इंच पाणी म्हणजे सव्वादोनशे किलोहून जास्त ओझे. तेच पाणी मुरते, सळई गंजून फुगते आणि खाली झोपलेल्याच्या अंगावर गिलावा पडतो.

"जुन्या कोब्यावरच नवा थर टाकू" म्हणणाऱ्याला सरळ नको म्हणा. त्याने ओझे वाढते, उतार तसाच राहतो. पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनीही जिथे डबके दिसते, तिथला कोबा उकरा आणि पाइपकडे उतार देऊन नव्याने करा. कठडा गच्चीला मिळतो तिथे गोलाई द्या, पाइपच्या तोंडाला जाळी बसवा. मग २४ तास पाणी भरून ठेवा. खालचे छत कोरडे राहिले, तरच मजुरी चुकती करा. रंग काय, नंतर हौसेने लावा!