निडारिया: नावाचा अर्थही शिकवा

पावसाळा सुरू झाला की जुहूच्या, गिरगावच्या वाळूवर ब्लू बॉटल वाहून येतात. पारदर्शक निळा फुगा आणि त्याखाली लोंबणारे निळे दोरे पाहून मुलांचा हात आपोआप पुढे जातो आणि लगेच आग होऊ लागते. हाच जीव आपल्या दहावीच्या विज्ञानात ‘पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर’ म्हणून भेटतो. संघ: सिलेंटराटा किंवा निडारिया. मुलं हे पाठ करतात, गुण मिळवतात. पण या नावाने त्यांना सावध केलेलं असतं, हे कोणी सांगत नाही.

ग्रीक भाषेत ‘क्निदे’ म्हणजे अंगाला लागताच आग करणारी वनस्पती, आपल्या खाजकुइलीसारखी. समुद्रफुलं आणि तशा जीवांना ग्रीक लोक हेच नाव देत. ॲरिस्टॉटलच्या लेखनातही ते येतं. ‘निडारिया’ त्यावरूनच आलं.

सिलेंटराटा हे नाव 1847 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्टने रूढ केलं. त्याचा रोख शरीराच्या आतल्या पोकळीवर होता. पण पोकळी पाहून गट केला की टेनोफोर नावाचे न डसणारे समुद्री जीवही त्यात येतात. त्यांच्याकडे दंशपेशी नसतात, भक्ष्य धरायला चिकट पेशी असतात. 1888 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ हाटशेकने त्यांना वेगळं काढलं आणि दंशपेशीवाल्यांचा स्वतंत्र संघ मानला. म्हणून पुस्तकातली ही दोन नावं एकाच अर्थाची नाहीत. जुनं नाव पोकळी दाखवतं, नवं नाव दंश.

जलव्याल, जेलीफिश, समुद्रफूल, प्रवाळ ही मंडळी दिसायला किती निराळी! त्यांना एकत्र आणते ती दंशपेशी. तिच्यातल्या सूक्ष्म कुपीत प्रचंड दाबाखाली एक पोकळ नळी गुंडाळलेली असते. स्पर्श होताच ती उलटून बाहेर फेकली जाते. जलव्यालात हा स्फोट सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात होतो, असं मोजलं गेलं आहे. कुपी फुटायला मेंदूच्या हुकमाची गरज नसते. म्हणूनच वाळूवर मरून पडलेली ब्लू बॉटलही डसते.

मुलांच्या कामाचं ज्ञान नेमकं इथे आहे. मेलेल्या जीवालाही हात लावायचा नाही. डसलाच तर जागा चोळायची नाही, कारण चोळल्याने उरलेल्या कुपी फुटतात. दोरे चिमट्याने काढायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात ती जागा बुडवून ठेवायची. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना गाठायचा.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: फळ्यावर ‘निडारिया’ लिहाल तेव्हा त्याचा अर्थ सांगायला दोन मिनिटं द्या. अर्थ कळलेलं मूल संघाचं लक्षण विसरणार नाही आणि किनाऱ्यावर धाकट्या भावंडाचा हात वेळेत मागे ओढेल.